जिन्न : अरबांच्या वाळवंटातले आणि आपल्या घरातले
(वार्षिक समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या भाषणाचा विषय मी कळविला तेव्हा आपल्या चिटणीससाहेबांनी तो दोनदा विचारून घेतला. "जिन्न? समारंभाला लहान मुले असतात हो, घाबरतील." मी म्हटले, मुले घाबरत नाहीत, गोष्ट म्हटली की ती पुढे सरकून बसतात. घाबरतो ते आपण मोठी माणसे. तेव्हा आजचे माझे बोलणे मुख्यतः मागच्या रांगांतील पालकांसाठी आहे. मुलांनी ऐकले तर माझी हरकत नाही.

हा विषय डोक्यात यायला एक कारण घडले. आपल्या परिसरातील एका शाळेत सातवीत शिकणारी एक मुलगी तीन-चार महिने वर्गात आली नाही, म्हणून चौकशीला मी तिच्या घरी गेलो. मुलीला झटके येत होते. हातपाय ताठ होत, तोंडाला फेस येई आणि मग ती तासभर गाढ झोपून जाई. घरच्यांचे निदान ठरलेले होते : तिन्हीसांजेला चिंचेखालून आली, जिन्नाची सावली पडली. एका आमिलाचा इलाज चालू होता. दंडाला तीन ताईत, रोज रात्री नाकाशी पलीत्याचा धूर, आणि खर्चाचा आकडा तर मी विचारलाच नाही, कारण अंगणातील म्हैस दिसत नव्हती. मी डॉक्टरचे नाव काढताच मुलीचे वडील शांतपणे म्हणाले, "मास्तर, जिन्नाचा जिक्र कुरआनात आहे. तुम्ही काय कुरआन नाकारणार?"

मला उत्तर देता आले नाही. माणूस अडाणी नव्हता, प्रश्नही अडाणीपणाचा नव्हता. कुरआनात जिन्नांचा उल्लेख आहे, एकदा नव्हे, अनेकदा. बहात्तराव्या सूरेचे नावच 'अल्-जिन्न' आहे. घरी येऊन मी पुस्तके काढली. आज जे सांगणार आहे ते त्या गृहस्थांना त्या दिवशी द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे.

प्रथम शब्द पाहू. अरबी भाषेत जीम, नून, नून या धातूचा अर्थ झाकणे, दडविणे. रात्रीने माणसाला वेढले की हेच क्रियापद वापरतात. आईच्या पोटात दडलेला गर्भ तो 'जनीन'. अंग झाकणारी ढाल ती 'मिजन्न'. झाडांच्या दाटीने जमीन झाकली गेलेली बाग ती 'जन्नत'. आणि ज्याची अक्कल झाकली गेली तो 'मजनून'. लैलेचा मजनू तो हाच. स्वर्ग, गर्भ आणि वेड ही तिन्ही एकाच घरची लेकरे, हे पाहून मला नेहमी गंमत वाटते. तेव्हा जिन्न म्हणजे नजरेपासून झाकलेला, एवढाच मूळ अर्थ. आपल्याकडे 'अमक्याला जिन्नात लागला' म्हणतात. जिन्नात हे खरे तर अनेकवचन. एका माणसाला एक पुरत नसावा!

दुसरी गोष्ट, जिन्न म्हणजे भूत नव्हे. आपल्याकडे वेताळ, मुंजा, हडळ, समंध यांची जी दुनिया आहे ती बहुतेक मेलेल्या माणसांच्या अतृप्त वासनांची आहे. अरबांचा जिन्न हा मेलेला माणूस नाही. तो वेगळ्या जातीचा जिवंत प्राणी; खातो, पितो, लग्न करतो, मुलेबाळे होतात, म्हातारा होतो, मरतो. आपल्या कोकणात मुसलमानाच्या भुताला 'खवीस' म्हणतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. हा शब्द अरबीतील 'खबीस', म्हणजे घाणेरडा, दुष्ट, यावरून आला. अरबाला मात्र 'मुसलमानाचे भूत' ही कल्पना समजणारच नाही. शब्द समुद्र ओलांडून आला आणि किनाऱ्यावर उतरल्यावर त्याच्या अंगात स्थानिक भूत शिरले असे म्हणावे लागते.

मृतात्म्याशी मिळतीजुळती अशी एक कल्पना जुन्या अरबांत होती, तिला ते 'हामा' म्हणत. खून झालेल्या माणसाचा सूड घेतला गेला नाही तर त्याच्या डोक्यातून घुबडासारखा पक्षी निघतो आणि 'मला पाजा, मला पाजा' असे कबरीवर ओरडत राहतो, अशी समजूत होती. त्याची तहान मारेकऱ्याच्या रक्तानेच भागे. सूडाच्या चालीला ही समजूत किती सोयीची होती ते सांगावयास नको. 'हामा वगैरे काही नाही' असे पैगंबरसाहेबांनी (स.) स्पष्ट सांगितल्याचे हदीसच्या संग्रहांत आहे. पिढ्यान्‌पिढ्या चाललेला रक्ताचा हिशेब बंद करायचा तर तो पक्षीही उडवून लावणे भाग होते.

आता इस्लामपूर्व अरबस्तानाकडे वळू. दिवसाच्या उन्हात दगड तडकतात आणि रात्री थंडीने दात वाजतात अशी ती भूमी. चार-चार दिवस माणूस भेटत नाही. वाऱ्याने टेकड्यांवरची वाळू घसरू लागली की तिच्यातून घुमल्यासारखा आवाज निघतो. हे खरोखर घडते, शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केलेला आहे. अरब त्याला 'जिन्नांचे गाणे' म्हणत. अशा जागी निर्जन दरी, पडके घर, जुनी विहीर आणि सापाचे बीळ यांना मालक आहे असे माणसाला वाटल्यास नवल नाही. काफिला रात्री एखाद्या दरीत उतरला की त्यातील माणूस मोठ्याने म्हणे, या दरीच्या सरदाराचा मी आश्रय घेतो, त्याच्या टोळीतील मूर्खांपासून त्याने मला सांभाळावे. हे अगदी टोळीच्या कायद्याप्रमाणे झाले. जशी माणसांची टोळी, तशी जिन्नांची. जसा इथे सरदाराचा 'जिवार', म्हणजे आश्रय, तसाच तिथे. हर्ब इब्न उमय्या आणि त्याच्या साथीदाराने शेतीसाठी एक झाडी जाळली, तेव्हा तिच्यातून पांढरे साप पळाले, आणि पुढे ते दोघे मेले ते जिन्नांनी मारले म्हणून, अशी कथा अरब सांगत. दुसऱ्याच्या जमिनीत विचारल्याशिवाय घुसू नये, हा त्यातील व्यवहार.

या जिन्नांच्या गोतात निरनिराळ्या जाती होत्या. 'इफ्रीत' आणि 'मारिद' हे दांडगे व बंडखोर. 'नस्नास' म्हणजे अर्धा माणूस, एक हात, एक पाय, एका पायावर उड्या मारीत धावणारा. याच्या गोष्टी यमनकडच्या. सर्वांत भयंकर ती 'गूल'. ही बहुधा स्त्रीरूपात येते, रात्री आग पेटवून वाटसरूला वाट चुकविते आणि पाहिजे ते रूप घेते; मात्र तिचे पाय गाढवाच्या खुरांचे असतात, ते काही तिला बदलता येत नाहीत. तअब्बत शर्रन नावाच्या कवीचे नावच 'काखेत अरिष्ट मारून आला' अशा अर्थाचे आहे, आणि त्याने गूल मारून काखेत आणली म्हणून ते पडले अशी एक कथा आहे. विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. ययाती या तारकासमूहात एक तारा आहे, त्याला अरबांनी 'रअस अल्-गूल', म्हणजे गूलचे मस्तक, असे नाव दिले. युरोपात त्याचे 'अल्गोल' झाले. हा तारा दर दोन दिवस एकवीस तासांनी, थोडा कमीच, मंद होतो व पुन्हा उजळतो. १७८३ साली जॉन गुडरिक या इंग्रज मुलाने त्याचा नियमित काळ मोजला आणि एखादा काळोखा गोल त्याच्यापुढून जात असावा असा अंदाज केला. तो पुढे खरा ठरला; ती ताऱ्यांची जोडीच आहे. गुडरिक त्या वेळी अठरा वर्षांचा होता आणि त्याला ऐकू येत नव्हते. गूलच्या डोळ्याकडे न घाबरता रोज रात्री पाहत बसल्याचे हे फळ.

'सिअलात' नावाची एक जात होती, तिची कथा मला फार आवडते. तमीम टोळीतील अम्र इब्न यर्बू याने एका सिअलातीशी लग्न केले. तिच्या लोकांनी त्याला एवढेच बजावले होते की, तिच्या माहेरच्या दिशेला वीज चमकली तर हिचे डोळे झाक. वर्षे गेली, मुले झाली. प्रत्येक वेळी आभाळ लवले की तो तिच्या डोळ्यांवर कापड धरी. एका रात्री तो विसरला. तिने वीज पाहिली, उठली, उंटावर बसली आणि मुलांना त्याच्या हवाली करून निघून गेली, ती परत आली नाही. परक्या टोळीतून आलेल्या सुनेच्या मनातील माहेर यापेक्षा चांगले कोणी सांगितले असेल असे मला वाटत नाही. त्या मुलांच्या वंशजांना लोक 'सिअलातीची मुले' म्हणून ओळखत.

आता कोणी म्हणेल, हे सर्व अरब खरे मानीत होते काय? मानीत होते. पण सगळेच मानीत होते असे नाही. नवव्या शतकात बसऱ्यात होऊन गेलेला थोर लेखक अल्-जाहिज याने आपल्या 'किताब अल्-हयवान' या प्राण्यांवरील ग्रंथात त्याचे गुरू अबू इसहाक अन्-नज्जाम यांचे मत दिले आहे. त्याचा सारांश असा. माणूस ओसाड प्रदेशात एकटा राहिला, हाताला काम नसले, की त्याच्या मनात भीती घर करते. लहान वस्तू मोठी दिसते, नसलेला आवाज ऐकू येतो. मग जे भासले त्याची तो कविता करतो. ती कविता पोरे ऐकतात आणि तिच्यावर वाढतात. मोठेपणी तीच पोरे अंधाऱ्या रात्री रानात एकटी सापडली आणि घुबड ओरडले, की त्यांना ती कविता डोळ्यांपुढे उभी दिसते. त्यात माणूस मुळात बढाईखोर असला तर विचारूच नका. आधी म्हणतो गूल पाहिली. मग म्हणतो तिच्याशी बोललो. मग मी तिला मारली. मग मैत्री केली. आणि शेवटी म्हणतो की लग्न केले! आणि ऐकणारे असतात त्याच्यासारखेच भोळे. सज्जनहो, हे विवेचन साडेअकराशे वर्षांपूर्वीचे आहे, ते अरबीत लिहिलेले आहे, आणि लिहिणारा मुसलमान आहे. बुद्धिवाद आपल्याला इंग्रजांनी आणून दिला असे ज्यांना वाटते त्यांनी अल्-जाहिज वाचावा.

जिन्नांचे नाते केवळ भीतीशी नव्हते, कवितेशीही होते. प्रत्येक कवीचा एक जिन्न असतो आणि तोच त्याला काव्य सांगतो, अशी अरबांची श्रद्धा. अल्-अअ्शा या कवीच्या जिन्नाचे नाव मिस्हल होते. 'अब्कर' नावाची जिन्नांची एक दरी मानीत. तिच्यावरून आजही अरबीत प्रतिभावंताला 'अब्करी' म्हणतात. अकराव्या शतकात स्पेनमधील कॉर्डोब्याच्या इब्न शुहैदने यावर एक झकास पुस्तक लिहिले. त्यात तो स्वतः जिन्नांच्या देशात जातो आणि जुन्या नामांकित कवींच्या जिन्नांना गाठून आपले काव्य त्यांच्याकडून पसंत करवून घेतो. समकालीन टीकाकार दाद देत नाहीत म्हटल्यावर बिचारा काय करणार!

पण हीच समजूत एका बाजूने फार गंभीर होती. मक्केत जेव्हा कुरआन ऐकवले जाऊ लागले तेव्हा कुरैशांनी काय म्हटले? हा कवी आहे, हा काहिन म्हणजे भविष्य सांगणारा आहे, हा मजनून आहे. तिन्ही आरोपांचा अर्थ एकच, की याच्या तोंडून जिन्न बोलतो. म्हणजे जिन्नांचा प्रश्न हा पैगंबरसाहेबांच्या (स.) पुढे करमणुकीचा नव्हता, त्यांच्या सत्यतेचा होता. कुरआन जिन्नांविषयी जे बोलते ते या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे.

काय म्हणते कुरआन? जिन्न आहेत, ते धूर नसलेल्या अग्नीपासून निर्माण केलेले आहेत, हे सांगते. परंतु लगेच त्यांना रांगेत आणून उभे करते. माणूस आणि जिन्न दोघेही अल्लाहच्या उपासनेसाठी निर्माण झाले. दोघांचाही हिशेब होणार. सूरे 'रहमान'मध्ये जो सवाल एकतीस वेळा येतो तो द्विवचनात आहे; या दोघांनाही एकदमच विचारलेला आहे. ज्यांना अरबांनी अल्लाहचे भागीदार आणि नातलग ठरवले होते ते येथे आपल्याच वर्गातील, आपल्याच बाकावरचे विद्यार्थी झाले. परीक्षा त्यांनाही आहे. मग जो स्वतः परीक्षेला बसला आहे त्याच्याकडून निकाल विचारण्यात काय हशील?

सूरे 'जिन्न'ची पार्श्वभूमी ऐका. सीरतकार सांगतात की, हिजरतीच्या काही वर्षे आधी पैगंबरसाहेब ताइफला गेले. तेथील सरदारांनी झिडकारले, पोरे अंगावर घातली, दगडांनी पाय रक्तबंबाळ झाले. परतताना नखला येथे रात्री ते नमाजात कुरआन पढत असता जिन्नांच्या एका टोळीने ते ऐकले आणि त्यांनी श्रद्धा ठेवली. मक्केत आजही 'मस्जिद अल्-जिन्न' नावाची मशीद आहे. परंतु ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, हे जिन्नांनी येऊन सांगितले नाही. टोळीने ऐकले, ही गोष्ट वह्यने, म्हणजे ईश्वरी संदेशाने, कळविण्यात आली. त्याच सूरेत जिन्नच कबुली देतात की, काही माणसे आमचा आश्रय मागत आणि त्याने मस्ती तेवढी वाढे. दरीच्या सरदाराचा तो जुना 'जिवार' येथे संपला. आणि गूल? 'गूल नाही' असे पैगंबरसाहेबांचे वचन सहीह मुस्लिममध्ये आहे. तिचे अस्तित्वच नाही असा त्याचा अर्थ काही भाष्यकारांनी केला; काहींनी तिच्या अंगी रूप बदलून वाट चुकविण्याची शक्ती नाही एवढाच केला. दोन्ही अर्थांनी वाटसरूची भीती जाते.

माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म हजरत सुलेमान (अ.) यांच्या कथेत आहे, म्हणून तिथे थोडा थांबतो. सुलेमानांच्या हाताखाली जिन्न राबत होते हे कुरआनात आहे. ते त्यांच्यासाठी उंच इमारती बांधीत, तलावाएवढी भांडी आणि जागचे न हलणारे हंडे घडवीत. सबाच्या राणीचे सिंहासन आणावयाचे ठरले तेव्हा एक इफ्रीत म्हणाला, आपण जागेवरून उठण्यापूर्वी मी आणतो. आपण मुलांना गोष्ट सांगतो ती इथपर्यंतच. पण त्याच ठिकाणी पुढे आहे की, ज्याच्यापाशी ग्रंथाचे ज्ञान होते तो म्हणाला, मी पापणी लवण्याच्या आत आणतो. आणि सिंहासन पुढे दिसले. इफ्रीताच्या ताकदीला ज्ञानाने मागे टाकले. शिक्षणसंस्थेच्या भिंतीवर लिहिण्यासारखा हा प्रसंग आपण कधी लिहिलेला नाही.

आणि मग सुलेमानांचा मृत्यू. ते काठीवर टेकून उभे असता त्यांना मरण आले. जिन्न समोर राबत होते. त्यांना वाटले धनी पाहत आहेत. दिवस गेले. जमिनीतली वाळवी काठी आतून खात होती. काठी मोडली, देह पडला, तेव्हा जिन्नांना कळले. कुरआन तेथेच सांगते की, या जिन्नांना अदृश्याचे ज्ञान असते तर ते त्या हलाखीच्या कष्टात राहिले नसते. विचार करा. दहा हातांवर उभा असलेला धनी जिवंत आहे की मेला हे ज्यांना कळले नाही, आणि जे एका वाळवीला कळले, त्या जिन्नांना आपण हरवलेला दागिना, मुलीचे लग्न आणि कोर्टातला निकाल विचारतो!

आता 'जिन्न ताब्यात आहे' असे म्हणणाऱ्यांविषयी. असे राज्य माझ्यानंतर कोणाला न लाभो, अशी दुआ सुलेमानांनी केली होती आणि ती कबूल झाली. बुखारींच्या संग्रहात एक प्रसंग आहे. एका रात्री नमाजात व्यत्यय आणणारा इफ्रीत पैगंबरसाहेबांच्या हाती आला. त्याला मशिदीच्या खांबाला बांधून ठेवावे, सकाळी सर्वांनी पाहावा, असे त्यांच्या मनात आले. पण बंधू सुलेमानांची दुआ आठवली आणि त्यांनी त्याला सोडून दिले. जे पैगंबरसाहेबांनी केले नाही ते बाजारात दुकान मांडून बसलेला मनुष्य करतो म्हणतो, तेव्हा अदबीने विचारावे की, बाबा, तू कोणाच्या गादीवर?

मग हा दिव्यातला आज्ञाधारक जिन्न आला कुठून? तो गोष्टींतून आला. 'अलिफ लैला' म्हणजे 'हजार आणि एक रात्री' या कथांत सुलेमानी मोहोर लावलेला तांब्याचा घडा कोळ्याच्या जाळ्यात येतो. व्यापाऱ्याने फेकलेली खजुराची बी लागून जिन्नाचा मुलगा मरतो आणि जिन्न रक्ताचा हिशेब मागायला येतो. इथवर जुना अरब दिसतो. परंतु अल्लाउद्दीनची गोष्ट अरबीच्या जुन्या हस्तलिखितांत नाहीच. आंत्वान गालाँ या फ्रेंच पंडिताने १७०४ ते १७१७ या काळात या कथांचे भाषांतर छापले. १७०९ साली पॅरिसमध्ये त्याला अलेप्पोचा हन्ना दियाब हा ख्रिस्ती अरब भेटला, त्याने ही गोष्ट सांगितली. मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' इंग्रजीवरून आणल्या आणि आपल्या आजोबांच्या पिढीने त्या वाचल्या. दिवा घासला की 'काय आज्ञा' म्हणणारा जिन्न तो हा. सांगायचे एवढेच की, आमिल ज्या जिन्नाचा हवाला देतो तो कुरआनातला नाही, पॅरिसमार्गे आलेल्या गोष्टीतल्याच्या जवळचा आहे. गोष्ट म्हणून मला तो फार आवडतो. फी घेणारा आवडत नाही.

आपल्या उलेमांनी या विषयावर किती बारकाईने लिहिले आहे याची आपल्याला कल्पना नसते. चौदाव्या शतकात सीरियाकडील त्रिपोलीचे काझी बद्रुद्दीन शिबली यांनी जिन्नांविषयीच्या नियमांचा एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. त्यात जिन्नाशी माणसाचा निकाह होऊ शकतो काय, असाही प्रश्न आहे. इमाम मालिक यांच्या नावावर एक उत्तर सांगतात : धर्मात याला अडचण दिसत नाही, पण मला ते पसंत नाही, कारण उद्या एखादी बाई गरोदर सापडली आणि नवरा कोण विचारल्यावर म्हणाली की जिन्न, तर समाजात अनर्थ माजेल. किती व्यवहारी माणूस! आपण कोकणातले बहुतेक शाफई. आपल्या इमाम शाफईंचे मत तर याहून कडक आहे. मी जिन्न पाहतो, असे जो म्हणेल त्याची साक्ष ग्राह्य नाही. कारण ते तुम्हाला दिसणार नाहीत असे कुरआनात आहे, अपवाद फक्त नबींचा. साक्षीलाही जो चालत नाही तो वैद्य म्हणून कसा चालतो?

आधुनिक काळात सर सय्यद अहमद खान यांनी जिन्न म्हणजे डोंगररानात दडून राहणारी रानटी माणसे असा अर्थ लावला. मिसरचे मुहंमद अब्दुहू यांनी रोगजंतूंनाही जिन्न म्हणता येईल असे सुचविले. हेतू चांगला, पण मला ही ओढाताण वाटते. जिन्नांना सूक्ष्मदर्शकाखाली बसविण्याची गरज नाही. गैबवर, म्हणजे अदृश्यावर, माझी श्रद्धा आहे. ती तशीच ठेवून मुलीला डॉक्टरकडे नेता येते.

कारण त्या गृहस्थांच्या प्रश्नाचा खरा भाग तोच होता. फेफरे म्हणजे जिन्नाने झोडपणे असे कुरआनात आहे काय? एक उपमा दाखवितात. व्याज खाणारे कसे उठतील, तर सैतानाच्या स्पर्शाने झोडपल्यासारखे, असे सूरे 'बकरा'मध्ये आहे. काही भाष्यकारांनी ते शब्दशः घेतले. जमख्शरींनी म्हटले की ही अरबांच्या समजुतीची भाषा आहे. मतभेद आहेत, ते मी लपवीत नाही. पण कयामतच्या दिवशी खुद्द सैतान काय म्हणेल तेही कुरआनात आहे : माझी तुमच्यावर सत्ता नव्हती, मी फक्त बोलावले आणि तुम्ही आलात. आणि बुखारींच्या संग्रहातील ती हबशी स्त्री पाहा. ती पैगंबरसाहेबांकडे आली आणि म्हणाली, मला फेफरे येते आणि माझे अंग उघडे पडते, माझ्यासाठी दुआ करा. त्यांनी तिला सांगितले, धीर धरशील तर जन्नत आहे, नाहीतर बरी व्हावीस म्हणून दुआ करतो. तिने धीर पत्करला. फक्त अंग उघडे पडू नये एवढी दुआ मागितली, ती त्यांनी केली. त्या रिवायतीत जिन्नाचे नाव नाही, धूर नाही, छडी नाही. आजारी स्त्रीची लाज आधी राखली गेली. आपल्याकडे आधी तीच जाते.

इब्न सीना यांच्या 'कानून'मध्ये सरअ, म्हणजे फेफरे, हा मेंदूचा रोग म्हणून नोंदलेला आहे. नूरुद्दीन जंगी यांनी ११५४ साली दमास्कसला मोठे बीमारिस्तान बांधले, म्हणजे इस्पितळ. आज या रोगावर गोळ्या आहेत. योग्य औषध नियमित घेतले तर दहांतील सुमारे सात रोग्यांचे झटके थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोळी मध्येच सोडली की झटका परत येतो, आणि मग लोक म्हणतात, पाहा, जिन्न परतला. भूत काढण्याच्या नावाखाली दोरखंडाने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही पालकांनी माहीत करून घ्यावे.

मी हे सर्व घेऊन पुन्हा त्या घरी गेलो. भाषण केले नाही. काठी आणि वाळवीची गोष्ट तेवढी सांगितली, कारण ती त्यांना पाठ होती, फक्त या बाजूने त्यांनी पाहिली नव्हती. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग आतून मुलीची आजी म्हणाली, "मास्तर, डॉक्टरकडे नेली तर ताईत काढायला लावतील का?" मी म्हटले, "नाही आजी, राहू द्या." पुढच्या आठवड्यात ते मुलीला घेऊन शहरात गेले. गोळ्या सुरू झाल्या. ती शाळेत येते, दुसऱ्या बाकावर बसते. तिच्या दंडावर आता तीनातला एकच ताईत आहे, आणि सकाळ-संध्याकाळच्या गोळीची आठवण आजीच करून देते.